मूत्रपिंडाच्या गाठीचा कागद : दीडशे वर्षांची घडण

‘क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा. आकार ६ सेंटिमीटर. ग्रेड २. पीटी१बी, पीएनएक्स. कडा मोकळ्या.’ मूत्रपिंडाचा कॅन्सर शस्त्रक्रियेने काढल्यावर काही दिवसांनी घरी येणाऱ्या पॅथॉलॉजी रिपोर्टचा गाभा साधारण असा असतो. घरात जे कोणी सायन्स शिकलेले असेल त्याच्याकडे तो कागद जातो, मोबाइलवर एकेक शब्द शोधला जातो आणि संध्याकाळपर्यंत त्या आकड्यांची धास्ती सगळ्या घराने घेतलेली असते.

हे आकडे गाठीच्या अंगचेच आहेत असे वाचणाऱ्याला वाटते. खरे पाहता ती माणसांनी ठरवलेली मापे आहेत, आणि ठरवताना त्यांत वाद झाले, चुका झाल्या, दुरुस्त्याही झाल्या. हीच ६ सेंटिमीटरची, मूत्रपिंडाच्या आत राहिलेली गाठ १९९० साली निघाली असती तर रिपोर्टवर ‘टी२’ आले असते, कारण तेव्हा ‘टी१’ची मर्यादा अवघी अडीच सेंटिमीटर होती. १९९७ मध्ये ती मर्यादा सातवर नेण्यात आली आणि तशीच गाठ ‘टी१’ ठरू लागली. २००२ मध्ये चार सेंटिमीटरवर आणखी एक रेघ ओढली गेली आणि ‘टी१बी’ हा शेरा जन्माला आला. गाठ तीच, पेशी त्याच. रिपोर्टवरच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला असा एक सन चिकटलेला आहे, आणि तो ठाऊक असला की कागद बराच समजू लागतो.

मूत्रपिंड काढूनही माणूस जगतो, याची खात्री वैद्यकाला दीडशे वर्षांपूर्वी नव्हती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १८६१ साली इरॅस्टस वॉल्कॉट या सर्जनने एका रुग्णाच्या पोटातली गाठ काढली. गाठ यकृताची असावी असा अंदाज होता, निघाली मूत्रपिंडाची. रुग्ण पंधरा दिवसांत दगावला. त्यानंतर आठ वर्षांनी, २ ऑगस्ट १८६९ रोजी, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्टाफ सिमोन यांनी पूर्ण विचारांती, ठरवून एक मूत्रपिंड काढले. त्यांच्या रुग्णाला कॅन्सर नव्हता. आधीच्या एका शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवी सतत गळत होती आणि दुरुस्तीचे सगळे प्रयत्न फसले होते. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका मूत्रपिंडावर शरीर चालते हे पाहिले, मगच सुरी हातात घेतली. ती बाई वाचली. कॅन्सरसाठी मूत्रपिंड काढण्याचा रस्ता त्या दिवसाने मोकळा केला.

पण काढलेल्या अवयवाचे करायचे काय? तो तपासायचा कसा? त्याच १८६९ साली एड्विन क्लेब्ज यांनी ऊतींचे तुकडे पॅराफिन मेणात बसवायची पद्धत वर्णन केली. मेक्सिकोतल्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या लाकडापासून निघणारे हिमॅटॉक्सिलिन आणि जर्मन रंग-उद्योगाने नुकताच तयार केलेला इओसिन, या दोन रंगांची जोडी १८७६ च्या सुमारास जमली. पहिल्याने केंद्रक निळेजांभळे होते, दुसऱ्याने बाकीची पेशी गुलाबी. १८९३ मध्ये फ्रँकफर्टचे फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून फॉर्मल्डिहाइड तपासत असताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी घट्ट झाली, आणि ऊती टिकवायला फॉर्मलिन वापरता येईल हे त्यांच्या ध्यानात आले. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही हाच क्रम चालतो : फॉर्मलिन, अल्कोहोल, झायलीन, मेण, मग तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप आणि हे दोन रंग. रिपोर्टला आठ दिवस का लागतात, असे नातेवाईक वैतागून विचारतात. मूत्रपिंडासारखा चरबीत गुंडाळलेला मोठा अवयव फॉर्मलिन आतपर्यंत मुरल्याशिवाय नीट कापता येत नाही, आणि घाईत कापलेल्या तुकड्यावरून गाठ चरबीत शिरली की नाही हे सांगणे धोक्याचे असते. तेव्हा ते आठ दिवस वाया जात नाहीत.

या सगळ्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला वाद गाठीच्या मुळाबद्दलचा होता. पाउल ग्राविट्झ हे बर्लिनमध्ये नामवंत पॅथॉलॉजिस्ट रुडोल्फ फिर्खो यांचे सहायक. १८८३ मध्ये फिर्खो यांच्याच नियतकालिकात त्यांचा लेख आला. मूत्रपिंडाच्या वेष्टनाखाली सापडणाऱ्या पिवळ्या गाठींना तोवर साध्या चरबीच्या गाठी समजले जाई. ग्राविट्झ यांनी त्या कापून पाहिल्या आणि म्हटले, या पेशी मूत्रपिंडाच्या नाहीतच. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी असते, तिचे भरकटलेले कण गर्भावस्थेत मूत्रपिंडात अडकतात आणि पुढे त्यांच्यापासून या गाठी वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते.

ही चूक होती, पण उथळ चूक नव्हती. ॲड्रिनलची भरकटलेली बेटे मूत्रपिंडावर खरोखरच सापडतात. ॲड्रिनलची बाहेरची पट्टी चरबीमुळे पिवळी असते, गाठही पिवळी. दोन्हींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फिकट आणि फुगीर. त्या काळातल्या साधनांनी जे दिसत होते त्याला ग्राविट्झ प्रामाणिक राहिले होते. त्यांच्याआधी, १८६७ मध्ये, वाल्डायर यांनी मूत्रपिंडाचे कॅन्सर तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातून उगवतात असे मांडले होते. १८९३ मध्ये सुडेक यांनी गाठीत नलिकांसारख्या रचना दाखवून ग्राविट्झना विरोध केला. तरीही ॲड्रिनलचा सिद्धान्त टिकला. गाठीला ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव मिळाले आणि ते इतके रुजले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या भारतीय केसपेपरांवरही ते सापडते. आजोबांच्या जुन्या फायलीत हे नाव दिसले तर तो वेगळाच कुठला दुर्मीळ आजार होता असे समजायचे कारण नाही. बहुधा आजचा रीनल सेल कार्सिनोमाच तो.

निकाल लागला १९६० साली. चार्ल्स ओबरलिंग, रिव्हिएर आणि फ्रांस्वाझ आगेनो या फ्रेंच संशोधकांनी या फिकट पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींच्या कडेवर मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पहिल्या भागात असते तशी बारीक केसाळ किनार होती, आणि पेशीच्या आतले इतर घटकही तिथल्यासारखेच होते. ‘नेचर’मध्ये निबंध छापला गेला. ग्राविट्झ यांच्या लेखाला तोवर ७७ वर्षे झाली होती.

रिपोर्टमधला ‘क्लिअर सेल’ हा शब्द त्या पिवळेपणाशीच जोडलेला आहे. पेशी काचेसारख्या स्वच्छ दिसतात याचे कारण त्यांत काहीच नाही असे नव्हे. त्या चरबी आणि ग्लायकोजेन यांनी ठासून भरलेल्या असतात. स्लाइड तयार होताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळते, ग्लायकोजेनही निघून जाते, आणि उरते ती रिकामी जागा. मग एवढी चरबी का साठते? याचे उत्तर १९९३ मध्ये सापडलेल्या व्हीएचएल या जनुकाने दिले. ते तिसऱ्या गुणसूत्रावर असते आणि बहुतेक क्लिअर सेल गाठींत निकामी झालेले असते. ते बंद पडले की पेशीला प्राणवायू पुरेसा असूनही तुटवडा असल्याचा भास होतो. ती रक्तवाहिन्या बोलावून घेते आणि चरबी साठवू लागते. पेशी प्राणवायू कसा ओळखते हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ग्राविट्झ ज्या पिवळ्या रंगाने चकले, त्या रंगाचा पत्ता शेवटी इथे लागला.

मूत्रपिंडाच्या सगळ्या गाठी एका जातीच्या नाहीत हे समजायलाही वेळ लागला. १९७६ मध्ये ऑन्कोसायटोमा ही सौम्य गाठ वेगळी ओळखली गेली. त्याआधी अशा गाठी कॅन्सरमध्येच मोजल्या जात. जर्मनीत बानाश यांनी १९७४ मध्ये रसायन दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात एक वेगळी पेशी पाहिली होती, तशाच पेशींची माणसातली गाठ १९८५ मध्ये थ्योनेस आणि सहकाऱ्यांनी वर्णन केली. तीच क्रोमोफोब. तिचा स्वभाव क्लिअर सेलपेक्षा बराच शांत. पॅपिलरी ही तिसरी मोठी जात. जनुकांचा पुरावा हाती येऊ लागल्यावर १९९६ मध्ये जगभरचे तज्ज्ञ एका परिषदेत बसले आणि पुढच्या वर्षी नवे वर्गीकरण छापले गेले. परिषद भरली होती हायडेलबर्गला, म्हणजे सिमोन यांच्याच गावात.

ग्रेडची गोष्ट मिनेसोटा विद्यापीठातली. १९८२ मध्ये सुझन फुरमन, लॅरी लॅस्की आणि कॅथरिन लिमास यांनी १०३ रुग्णांच्या गाठी तपासून केंद्रकाचा आकार, त्याची ठेवण आणि त्यातला न्यूक्लिओलस नावाचा ठिपका यांवरून चार पायऱ्या आखल्या. तीस वर्षे जगभर ‘फुरमन ग्रेड’ हाच शब्द चालला, आणि भारतातल्या अनेक रिपोर्टांवर तो अजूनही दिसतो. एवढ्या कमी रुग्णांवरून आखलेली पट्टी इतका काळ कामाला आली, याबद्दल त्या तिघांचे ऋण मानायला हवे. पण तिच्यात अडचणी होत्या. केंद्रक मोठे पण ठिपका लहान, असे असेल तर कोणाचे ऐकायचे? दोन पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडला दोन ग्रेड देत. आणि मोठी अडचण अशी की पट्टी आखली तेव्हा क्रोमोफोब ही जात अजून माणसात ओळखलीच गेली नव्हती. क्रोमोफोब पेशींचे केंद्रक मुळातच वेडेवाकडे, सुरकुतलेले असते. त्यामुळे फुरमन पट्टीवर ती गाठ सहज ग्रेड ३ ठरे आणि तुलनेने शांत आजार असलेला माणूस धसका घेई.

२०१२ मध्ये व्हँकुव्हरला मूत्रसंस्थेच्या रोगांचे निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची बैठक झाली, तिथे पट्टी सोपी करण्यात आली. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी फक्त ठिपका पाहायचा. चारशे पट मोठे करूनही तो नीट दिसत नसेल तर ग्रेड १. चारशे पटीत स्पष्ट दिसला पण शंभर पटीत उठून दिसला नाही तर २. शंभर पटीतच डोळ्यांत भरला तर ३. पेशींची ठेवण पार बिघडलेली असेल, किंवा ‘सार्कोमॅटॉइड’ अथवा ‘ऱ्हॅब्डॉइड’ असा बदल दिसत असेल तर ४. ही पट्टी क्लिअर सेल आणि पॅपिलरी या दोन जातींसाठीच आहे, आणि क्रोमोफोबला ग्रेड द्यायचाच नाही असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ती स्वीकारली. म्हणून क्रोमोफोबच्या रिपोर्टमध्ये ग्रेडची जागा रिकामी दिसली तर लॅबची चूक समजू नये. आणि ग्रेड ४ म्हणजे चौथी स्टेज, हा सर्रास होणारा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. ग्रेड पेशींचा चेहरा सांगतो. रोग कुठवर पोचला हे सांगायचे काम स्टेजचे.

स्टेजचा इतिहास जास्त नाट्यमय आहे, कारण त्यात शस्त्रक्रियेचाही इतिहास गुंफलेला आहे. मूत्रपिंडाभोवती चरबीची गादी असते आणि तिच्याभोवती एक पातळ पडदा. तो पडदा रुमानियाचे दिमित्रिए जेरोटा यांनी १८९५ मध्ये वर्णन केला. टोरांटोचे चार्ल्स रॉबसन यांनी १९६० च्या दशकात असे मांडले की मूत्रपिंड एकटे न काढता पडदा, चरबी आणि ॲड्रिनल यांच्यासकट एकाच गाठोड्यात काढावे. १९६९ मध्ये त्यांनी ८८ रुग्णांचा अनुभव छापला आणि रोगाच्या चार पायऱ्या दिल्या. त्यांत एक मोठी उणीव राहिली होती. मूत्रपिंडाच्या शिरेत गाठीचे शेपूट शिरलेला रुग्ण आणि लसिका ग्रंथींपर्यंत रोग गेलेला रुग्ण, दोघेही तिसऱ्याच पायरीवर. शिरेतले शेपूट पूर्ण काढता आले तर पुष्कळ रुग्ण दीर्घकाळ चांगले राहतात. ग्रंथींत गेलेला रोग त्याहून फार वाईट. दोघांना एकच आकडा मिळत होता.

ही उणीव टीएनएम पद्धतीने भरून काढली. फ्रान्समध्ये पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात ती घडवायला घेतली होती : गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांना स्वतंत्र अक्षर आणि स्वतंत्र आकडा. आधीचा लहान ‘पी’ म्हणजे हे अनुमान स्कॅनवरून नसून काढलेल्या अवयवावरून आहे. ‘एनएक्स’ म्हणजे तपासायला ग्रंथी आल्याच नाहीत. ‘एन०’ म्हणजे आल्या, पाहिल्या आणि त्या स्वच्छ होत्या. या दोन शेऱ्यांतला फरक बारीक दिसतो, पण घरच्या मंडळींनी तो डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्यावा असा आहे.

आकाराच्या मर्यादा वारंवार का बदलल्या? सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले. पित्ताचे खडे शोधायला गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात तीन सेंटिमीटरची गाठ अवचित दिसू लागली. पूर्वी लघवीतून रक्त जाऊ लागले किंवा पोटात गोळा हाताला लागला की मगच रोग कळे. आता लहान गाठींचे ढीग जमले आणि अडीच सेंटिमीटरची जुनी रेघ निरर्थक झाली. चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना वेगळे काढण्यामागे आणखी एक व्यवहार होता : त्यांच्यासाठी पूर्ण मूत्रपिंड गमवायची गरज उरली नव्हती. सिमोन यांच्यानंतर हायडेलबर्गमध्ये आलेल्या व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८८७ मध्येच गाठीपुरता भाग कापून बाकीचे मूत्रपिंड वाचवले होते. ती वाट जवळजवळ शंभर वर्षे आडबाजूला पडली आणि मग पुन्हा चालती झाली. रिपोर्टवरच्या ‘कडा मोकळ्या’ या शब्दांना खरे महत्त्व अशा अर्धवट काढलेल्या मूत्रपिंडात येते. पॅथॉलॉजिस्ट कापलेल्या बाजूला आधी शाई लावतो. सूक्ष्मदर्शकाखाली शाईच्या रेघेवर कॅन्सरची पेशी टेकलेली नसेल तर कड मोकळी. पूर्वी सर्जन गाठीभोवती एक सेंटिमीटर निरोगी भाग घ्यायचाच असा आग्रह धरत. आता पातळ पट्टीही पुरते. कडेवर पेशी दिसल्या म्हणजे रोग परतणारच असेही नाही, पण मग देखरेख कडक ठेवावी लागते.

सगळ्यात उशिरा लक्ष गेले ते मूत्रपिंडाच्या खोबणीकडे. तिला रीनल सायनस म्हणतात. शिरा, धमन्या आणि मूत्रवाहिनी जिथून ये-जा करतात तो हा चरबीने भरलेला खळगा. मूत्रपिंडाला बाहेरून चिवट वेष्टन असते, या खळग्याच्या बाजूला तसे वेष्टन नाही आणि शिरांचे जाळे मात्र दाट. दशकानुदशके पॅथॉलॉजिस्ट बाहेरची चरबी बारकाईने तपासत राहिले आणि आतला दरवाजा सताड उघडा होता. अमेरिकेतल्या स्टीफन बॉन्सिब यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की क्लिअर सेल गाठ बाहेर पडते ती मुख्यतः याच वाटेने. त्यांच्या १२० गाठींच्या अभ्यासात असे दिसले की ७ सेंटिमीटरहून मोठ्या क्लिअर सेल गाठी खोबणीत शिरलेल्या नसणे हेच विरळ. म्हणजे कित्येक जुने ‘टी२’ हे खरे तर पुरते न तपासलेले, खोबणीतल्या चरबीत किंवा शिरांत शिरलेले ‘टी३’ होते. अवयव कापून त्यातले तुकडे निवडणाऱ्या डॉक्टरचे काम किती जोखमीचे आहे हे यावरून कळते. जो तुकडा घेतलाच नाही त्यात काय होते हे कुठलाही सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. व्हँकुव्हरच्या त्याच बैठकीत गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा घ्यावा असे सुचवले गेले.

मोठ्या शिरांचा शेराही बदलला. मूत्रपिंडाच्या शिरेत गाठ शिरली की टीएनएमच्या २००२ च्या आवृत्तीत ‘टी३बी’ लिहीत, २०१० पासून ‘टी३ए’. आज ‘टी३बी’ म्हणजे गाठ पोटातल्या महानीलेपर्यंत पोचली, पण पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, खालीच आहे. म्हणून २००५ सालचा एखाद्याचा ‘टी३बी’ आणि आजचा शेजाऱ्याचा ‘टी३बी’ यांची तुलना करून हादरून जाऊ नये. रिपोर्टच्या तळाशी बहुधा ‘एजेसीसी आठवी आवृत्ती’ असे बारीक अक्षरात छापलेले असते. मोजपट्टी कोणत्या सालची हे ती ओळ सांगते.

आपल्याकडे या शिस्तीचा पाया घातला तो वसंत रामजी खानोलकर यांनी. ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजांत शिकवल्यावर १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभारल्या. पुढे १९५२ मध्ये भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाले. सांगली, जळगाव किंवा पणजीला ऑपरेशन झालेल्या रुग्णाला परळला ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असे सांगितले जाते. दुसऱ्या नजरेने तपासणी करण्याची ही पद्धत रुग्णाच्या फार हिताची आहे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो वर्षानुवर्षे टिकतो, त्यातून नवे काप काढता येतात, आणि पहिल्या वेळी माहीत नसलेली जात नंतर ओळखता येते. क्लिअर सेल आणि पॅपिलरी यांच्या मिश्रणासारखी दिसणारी एक संथ गाठ २००६ नंतर वेगळी ओळखली गेली. ती पसरत नाही असे अनुभवाला आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिच्या नावातून ‘कार्सिनोमा’ काढून टाकले. ज्यांच्या कागदावर आधी कॅन्सर लिहिला होता अशा काहींचा ब्लॉक आज पुन्हा पाहिला तर शेरा वेगळा येईल.

रिपोर्टवरच्या आकड्यांचा वजनदारपणा गेल्या काही वर्षांत अचानक वाढला आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून द्यायचे, खात्रीने आयुष्य वाढवणारे औषध फार काळ नव्हते. २०२१ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या चाचणीत क्लिअर सेल गाठींच्या जोखमीच्या रुग्णांत रोग परतण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले, आणि २०२४ मध्ये ते घेणारे जास्त जगतात हेही सिद्ध झाले. जोखमीचे कोण, हे ठरवले गेले ते पॅथॉलॉजीच्या कागदावरून : ‘पीटी२’ आणि सोबत ग्रेड ४ किंवा सार्कोमॅटॉइड बदल, ‘पीटी३’ किंवा त्यापुढचा टप्पा, ग्रेड कोणताही असो, किंवा लसिका ग्रंथींत पोचलेला रोग. औषध महाग आहे आणि त्याचे दुष्परिणामही आहेत, त्यामुळे निर्णय सोपा नसतो. तरी खोबणीतल्या चरबीचा एक तुकडा नीट तपासला गेला आणि ‘पीटी२’चा ‘पीटी३ए’ झाला, तर आज डॉक्टर त्या रुग्णाशी या औषधाबद्दल बोलायला बसतात. २०१५ साली हाच शेरा मिळालेल्या माणसाला ठरावीक काळाने सीटी स्कॅन करत राहा, एवढेच सांगितले जाई.